तोले, थोला, तुळई

मुलगी सात वर्षांची असताना मी आमच्या घरातली मराठी बंद केली. हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. कुणी विचारलं तर मी "मराठी जरा मागे पडली" असं म्हणायचो, म्हणजे ती आपली आपणच मागे राहिली आणि आम्ही वळून पाहिलं तेव्हा दिसेनाशी झाली होती.

इथे सिंगापूरच्या शाळेत प्रत्येक मुलाला इंग्लिशबरोबर एक मातृभाषा विषय म्हणून घ्यावी लागते, आणि त्या यादीत मराठी नाही. मराठी घरं बहुधा हिंदी घेतात. आम्हीही घेतली. शनिवारी सकाळी हिंदीचा वर्ग असायचा. तिथे आमची मुलगी वहीत "मेरा पुस्तक हरवला" असं लिहायची. एकदा वर्गाच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "घर में मराठी थोड़ी कम कर दीजिए, मिक्स हो रहा है." त्या थोडी कम म्हणाल्या होत्या. वुडलँड्सला घरी पोहोचेपर्यंत मी त्याचं पूर्ण बंद करून टाकलं होतं.

बायको म्हणाली, "अरे, वेडा आहेस का? मी स्वयंपाक करताना हिंदीत काय बोलू पोरीशी?"

मी म्हणालो, "दोन वर्षांचा प्रश्न आहे."

आम्हा दोघांना एकमेकांशी मराठी बोलायचं असलं की आम्ही बेडरूमचं दार लावून घ्यायचो. बहुतेक वेळा ते भांडण असायचं, कारण दार लावून कुणी हवापाण्याच्या गप्पा मारत नाही. मुलीला मराठी कानावर पडली ती एवढीच, दाराच्या फटीतून, आणि बहुतेक तिच्या आईच्या वरच्या पट्टीतली. तिचे हिंदीचे मार्क वाढले. खरंच वाढले. म्हणून मला थांबायचं कारणच उरलं नाही.

त्याच वर्षी माझे वडील सांगलीहून पहिल्यांदा सिंगापूरला आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचं सगळं आयुष्य लाकडाच्या वखारीत गेलं. साग, शिसव, आंबा, कुठलं लाकूड कशाला चालेल हे गिऱ्हाइकाला सांगायचं आणि कापून द्यायचं. विमानतळावरून घरी येतानाच टॅक्सीत मी त्यांना सांगितलं, "अण्णा, पोरीशी हिंदीत बोला हं. शाळेचं आहे."

अण्णांची हिंदी ट्रकवाल्यांबरोबर तयार झालेली. पहिल्या दिवशी त्यांनी नातीला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "आव, इधर आव. संभालके. धीरे से उतारो." तिला वाटलं आजोबा गंमत करतात. ती खळखळून हसली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यानंतरचे पाच आठवडे ते तिच्याशी जवळजवळ काहीच बोलले नाहीत. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलापाशी जाऊन बसायचे. परत जाताना मला म्हणाले, "पोरगी हुशार हाय तुझी. आमच्यासारख्याला हसणारच."

ती हसली कारण तिला मजा वाटली, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. मी बॅगेचं वजन बघत होतो. त्यानंतर दहा वर्षं ते पुन्हा आले नाहीत.

माझं ऑफिस पाया लेबारला आहे. जहाजांना लागणारे दोरखंड, साखळ्या, हुक यांच्या क्षमतेचे कागद तपासायचं माझं काम. बरेच कागद नॉर्वेहून येतात. प्रत्येक कागदावर टनांच्या आकड्याआधी एक शब्द असतो, तोलेर. पंधरा वर्षं मी तो शब्द रोज पाहत होतो, आणि त्याचा अर्थ "कमाल" असावा असं मीच ठरवून टाकलं होतं. आमच्या तांत्रिक विभागाच्या प्रमुख एक नॉर्वेजियन बाई आहेत, साठीच्या जवळ आलेल्या. त्या सुट्टीहून परतल्या की सगळ्यांना काहीतरी आणतात. एका वर्षी त्यांनी चहाचे मग आणले.

आमची मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. भांडी घासताना तिने मग उलटा केला आणि तळावरचं वाचलं. "बाबा, हे काय लिहिलंय?" हे तिने अर्थात इंग्लिशमध्ये विचारलं. तळावर तोच शब्द होता, तोलेर, आणि पुढे भांडी धुण्याच्या यंत्राचं नॉर्वेजियन नाव, शेजारी त्या यंत्राचं छोटं चित्र.

मी म्हणालो, "मॅक्सिमम."

"मॅक्सिमम डिशवॉशर? सेन्सच नाही, लाह." इथली मुलं प्रत्येक वाक्याला हे लाह जोडतात.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, हे क्रियापद आहे, तोले, शेवटचा ए अगदी पुसट म्हणायचा. सोसणं, पेलणं, टिकून राहणं. "दोर पाच टन तोलतो. चहाचा मग डिशवॉशर तोलतो. माझी आई बोटीवर गेलेल्या नवऱ्याशिवाय चार-चार महिने तोलायची. आणि मी तुमच्याकडची ही दमट हवा अजिबात तोलत नाही." वस्तूला आणि माणसाला एकच शब्द.

त्या इंग्लिशमध्येच बोलत होत्या. "तोलतो, तोलते" ही रूपं माझ्या डोक्यात आपोआप मराठीत होत होती, आणि मी चक्रावून गेलो.

मुलीला शाळेच्या शेवटच्या वर्षी एक स्वतंत्र प्रकल्प करायचा होता. तिला पुढे भाषाशास्त्र शिकायचं होतं. तिने ठरवलं की आपल्याला येत नसलेल्या भाषेतलं एक क्रियापद घ्यायचं आणि ते मागे मागे कुठपर्यंत जातं ते पाहायचं. मगाचा तळ पुसता पुसता तिचं क्रियापद ठरलं होतं.

मी ही बातमी रविवारी ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी घेऊन गेलो. आम्ही पाच-सहा मराठी माणसं तिथे सायकली चालवतो आणि मग हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मांडवात, बसून चालवलेल्याच्या दुप्पट खातो. मी सांगितलं, नॉर्वेजियन भाषा संस्कृतातून निघाली आहे, माझ्याकडे पुरावा आहे. मग काय, सगळ्यांच्या अंगात आलं.

"नॉर्वे म्हणजे नरवीर. सरळ आहे!"

"आणि ओस्लो? ओसरी!"

"अरे, फियॉर्ड म्हणजे फाट्यावर!" हे म्हणणारा बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे.

मी घरी येताना अकरा शब्दांची यादी आणली. मुलीने ती वाचली, डोळे मिटले आणि पेन्सिल घेऊन एकेक शब्द खोडला. तिचं म्हणणं असं की नॉर्वेजियन संस्कृतातून आलेलीच नाही. दोन्ही एका तिसऱ्या, फार जुन्या भाषेच्या नाती आहेत, आणि ती भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. त्या भाषेतला शब्द विद्वानांनी मागे चालत जाऊन अंदाजाने उभा केला आहे, आणि अशा शब्दाच्या डोक्यावर ते एक तारा काढतात. तारा म्हणजे हा शब्द आमच्यापैकी कुणी ऐकलेला नाही, ही प्रामाणिक कबुली. तोलेच्या मुळाशी तसा एक तारावाला धातू आहे, उचलणे, पेलणे अशा अर्थाचा. तो उत्तरेकडे गेला तेव्हा त्याच्या त चा थ झाला. जुन्या नॉर्स भाषेत थोला. पुढे नॉर्वेतल्या लोकांच्या तोंडातून थ गेला आणि पुन्हा त आला. तोच धातू ग्रीकमध्ये जाऊन वजनाचं एक माप झाला, लॅटिनमध्ये जाऊन सहन करण्याचा शब्द झाला, तो इंग्लिशनेही उचलला, टॉलरेट. आणि संस्कृतात तुला. तराजू, आणि घराचं आडवं लाकूडही.

"सो, तुमचा त आणि त्यांचा त सारखा दिसतो, तो योगायोग. त्यांचा त बाहेर फिरून आलाय."

मला हे सगळं ऐकताना वाटत होतं की माझ्याच घरात कुणी परका पाहुणा माझ्याच भाषेबद्दल मला सांगतोय. अभिमान वाटत होता, आणि मान वर करता येत नव्हती.

तिची एक अडचण होती. परीक्षक तीन होते आणि त्यांची अट होती की शब्दाचा निदान एक वंशज आजच्या बोलण्यात जिवंत असल्याचं दाखवायला हवं. कोशातला नको. जो माणूस तो शब्द लहानपणापासून, कामात, तोंडाने वापरत आला आहे, त्याची मुलाखत हवी. मी तुलना म्हणालो, तुल्य म्हणालो. तिने मान हलवली. हे शब्द पोथीतून परत उचललेले आहेत म्हणाली. तिला पिढ्यान् पिढ्या तोंडातून झिजत आलेला शब्द हवा होता.

मी म्हणालो, "तुळई."

तिने तिची पुस्तकं पाहिली. संस्कृतातला तुला हा शब्द मराठीच्या तोंडात झिजला तर असाच काहीतरी व्हायला हवा होता. तिचे डोळे चमकले. "हूज यूझिंग धिस वर्ड?"

"घराची मोठी आडवी तुळई. अण्णा रोज म्हणायचे. तुझे आजोबा."

तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "बाबा, ही डझंट लाइक मी."

दहा वर्षं आमच्या घरात हे वाक्य राहत होतं आणि मला ठाऊक नव्हतं. तिला आठवत होतं ते एवढंच की आजोबा आले, एकदा बोलले, आणि मग पाच आठवडे तिच्याकडे न पाहता खाली जाऊन बसले. तिने त्याचा एका मुलाला लावता येईल तो अर्थ लावला होता. सांगलीत एक म्हातारा माणूस समजत होता की नात आपल्याला हसते, इथे नात समजत होती की आजोबांना आपण नकोशा आहोत, आणि दोघांच्या मधोमध मी उभा होतो. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "म्हातारी माणसं तशीच असतात गं."

तिनेच फोन लावला. मी शेजारी बसलो होतो. तिला जेवढी मराठी येत होती ती बंद दारामागून ऐकलेली होती, त्यामुळे तिने सुरुवात केली ती अशी, "आजोबा, माझं जरा ऐकून घ्याल का?"

पलीकडून अण्णा म्हणाले, "कोण? सूनबाई? काय झालं गं? भांडलासा का?"

"मी नात. स्पष्टच सांगते. मला तुमची मदत पाहिजे. उगाच टाळू नका."

मी तोंडावर हात धरला. अण्णांना बहुधा आयुष्यात कुणी मदत इतक्या दरडावून मागितली नव्हती. "कसली मदत?"

"तुळई," ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अण्णा म्हणाले, "तिकडं सिमेंटच्या घरात तुळई कशाला लागती पोरी?" पण आवाज बदललेला होता. सिंगापूर बघायला ते पुन्हा कधी आले नसते. लाकडाचं काम निघालं म्हटल्यावर महिन्याभरात आले. वय एक्क्याऐंशी, प्रकृती तोळामासा, आणि पिशवीत लाकूड मापायचा घडीचा गज.

मुलाखत एका रविवारी दुपारी आमच्या बैठकीच्या खोलीत झाली. मुलीने टेबलावर फोन ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. अण्णा समोर, ती शेजारी, आणि मी मध्ये, दुभाषी. बायको आतल्या दारात चहा घेऊन उभी.

सुरुवात छान झाली. तुळई किती लांब असते, कुठलं लाकूड घ्यायचं, ती खांबावर बसवताना कुठली बाजू वर ठेवायची. अण्णा पाच मिनिटं बोलायचे आणि मी दोन वाक्यांत सांगायचो.

मुलगी म्हणाली, "बाबा, ही सेड सो मच. तुम्ही इतकं छोटं का सांगता?"

"महत्त्वाचं तेवढं सांगतोय."

अण्णांनी विचारलं, "काय म्हणती?"

"काही नाही, अण्णा."

मग तिने कागदावरचे प्रश्न बाजूला सारले आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, "त्यांना विचारा, मी सात वर्षांची होते तेव्हा ते माझ्याशी का बोलले नाहीत."

अण्णा माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि माझ्या कानांनी ऐकलं की मी म्हणतोय, "अण्णा, ती विचारतेय, तुळईला कीड लागू नये म्हणून..."

मी तिथे थांबलो. दारात बायकोने डोळे मोठे केले होते. तिला दोन्ही भाषा येत होत्या. रेकॉर्डिंग चालू होतं. मला वाटलं, ही फाईल उद्या कुणीही ऐकेल, आणि कळेल की या माणसाने आपल्या मुलीचा प्रश्न खाल्ला.

मी म्हणालो, "नाही अण्णा. तिने हे विचारलेलं नाही. ती विचारतेय की ती लहान असताना तुम्ही तिच्याशी का बोलला नाहीत." अण्णा काही म्हणायच्या आत मी पुढे बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो. "ते माझ्यामुळे. मी तिची मराठी बंद केली होती. तुम्हाला हिंदी बोलायला लावलं. ती तुम्हाला हसली नव्हती, अण्णा. तिला तुमचं बोलणं आवडलं होतं. मला तेव्हाच ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

मग हेच सगळं मला मुलीकडे वळून इंग्लिशमध्ये सांगावं लागलं. एकच कबुली दोनदा. पहिल्या वेळी मी ती एका दमात काढली होती. दुसऱ्या वेळी प्रत्येक शब्द माझ्या लक्षात येत होता. आजोबांना वाटलं तू त्यांना हसतेस. तुला वाटलं त्यांना तू नकोस. दोन्ही खोटं होतं, आणि मला ठाऊक असून मी दोघांना तसंच राहू दिलं.

मुलगी रडेल असं मला वाटलं. ती आजोबांकडे बघत होती. अण्णा माझ्याकडे.

अण्णा म्हणाले, "लहानपणी कपाटाची काच फोडलीस तेव्हाबी तू असंच केलंस. मांजराचं नाव घेतलंस. मांजर घरात नव्हतं आपल्या."

बायको फिस्सकन हसली. अण्णांनी हाताने मला बाजूला व्हायची खूण केली. "ऊठ आता. हिकडं मला बसू दे. तुझ्यामुळं निम्मं जातंय मधल्यामधी."

"पण अण्णा, तिला समजणार नाही."

"आजोबा, बसा," मुलगी म्हणाली. "यांचं काही ऐकू नका." हे वाक्य तिच्या आईचं होतं, जसंच्या तसं. अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आमच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर लाकडाच्या वखारी आहेत. पुढच्या शनिवारी ती दोघं तिथे गेली. मला बरोबर नेलं ते पाण्याच्या बाटल्या धरायला. वखारीचा मालक सत्तरीचा चिनी माणूस होता. अण्णांनी त्याच्या ढिगातल्या एका लाकडावर बोटाच्या पेराने ठोकलं, कान लावला आणि नापसंतीने जीभ चुकचुकवली. मालक हसला आणि त्याने आतल्या बाजूच्या दुसऱ्या ढिगाकडे बोट दाखवलं. दोघांची ओळख तेवढ्यात झाली.

तिथे एक पंधरा-सोळा फुटी ओंडका होता, चारी बाजूंनी तासलेला, मलेशियाहून आलेल्या काळपट, जड लाकडाचा. अण्णांनी नातीला एका टोकाशी उकिडवं बसवलं आणि तिचा कान लाकडाच्या टोकाला टेकवला. स्वतः काठी टेकत दुसऱ्या टोकाला गेले. वखारीत करवत चालू होती. अण्णांनी अंगठ्याच्या नखाने लाकडावर हलकेच ओरखडा काढला. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो, मला काही ऐकू आलं नाही.

पलीकडून मुलगी ओरडली, "आलं! आजोबा, आलं ऐकू!"

"कसं आलं? बद्द का खणखणीत?"

"म्हणजे काय?"

अण्णांनी काठीने शेजारच्या एका कुजक्या फळीवर ठोकलं. "हे बद्द." मग लोखंडी खांबावर ठोकलं. "हे खणखणीत."

तिने पुन्हा कान लावला. अण्णांनी पुन्हा ओरखडा काढला. "खणखणीत!" ती म्हणाली.

"मग ही तुळई व्हईल. घर तोलून धरंल." अण्णांनी लाकडावर हात फिरवला. मुलीने फोन वर धरून ते रेकॉर्ड केलं, करवतीच्या आवाजासकट. ती पुन्हा पुन्हा कान लावत राहिली आणि अण्णा पुन्हा पुन्हा नख ओढत राहिले. पाण्याच्या बाटल्या माझ्या हातात गरम झाल्या.

सादरीकरण शाळेच्या छोट्या सभागृहात होतं, सकाळी. पालकांना परवानगी होती. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. माझ्या ऑफिसातल्या नॉर्वेजियन बाईही आल्या होत्या, मुलीने उच्चार तपासायला त्यांना बोलावलं होतं.

मुलीने चहाच्या मगापासून सुरुवात केली आणि लोक हसले. मग तोले. मग थोला. मग तारा, आणि तो तारा का काढतात ते. मग तुला, मग तुळई. शेवटी तिने वखारीतलं रेकॉर्डिंग लावलं. करवत, अण्णांचा आवाज, आणि तिचं "खणखणीत!" नॉर्वेजियन बाई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, आमच्याकडे पश्चिम किनाऱ्यावरचे म्हातारे तोले म्हणत नाहीत, तोला म्हणतात, तुमच्या शब्दाला अजून जवळचं, हे मी माझ्या आजीनंतर विसरूनच गेले होते.

तीन परीक्षकांपैकी मधल्या बाईंनी प्रश्न विचारला. नॉर्वेजियन शब्द वस्तूलाही लागतो आणि माणसालाही. तुमच्या साक्षीदाराच्या बोलण्यात तुळई माणसाला लागते का? कोशात काय आहे ते नको, ते स्वतः म्हणतात का?

मुलीला हे ठाऊक नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी खुर्चीतून अर्धा उठलो, कारण मला उत्तर देता आलं असतं. बायकोने माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

मुलगी मंचावरून पहिल्या रांगेकडे बघून म्हणाली, "आजोबा, एक विचारू? नीट सांगा, आडपडदा नको. माणसाला तुळई म्हणता तुम्ही? हा आमच्या घराची तुळई आहे, असं?"

अण्णांनी विचार केला. मग ते मोठ्याने म्हणाले, "म्हणतो की. माझ्या आईला म्हणायचे सगळे. पण कुणालाबी म्हणत न्हाई. आता ह्या माझ्या लेकाला म्हटलं असतं, तर सांगलीचं घर कवाच खाली बसलं असतं."

मुलीने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य तिला पूर्ण समजलं होतं, आणि ते गाळायचं की सांगायचं हे आता तिच्या हातात होतं. मधला माणूस आता ती होती. तिने परीक्षकांकडे वळून सगळं सांगितलं. पणजीचं सांगितलं. मग माझंही सांगितलं, एक शब्दही न गाळता, बोटाने मला दाखवून.

सभागृह हसलं. परीक्षक हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो. इतक्या मोठ्याने की पुढच्या रांगेतल्या एका आईने वळून पाहिलं. मला त्या वेळी जे वाटलं ते मी आयुष्यात फार वेळा अनुभवलेलं नाही. माझी मुलगी माझ्या वडिलांनी माझ्यावर केलेला विनोद तीन परक्या माणसांना समजावून सांगत होती, आणि तो बरोबर पोहोचत होता. अण्णांनी तिच्याकडे बघून मान डोलावली, कामगाराने लाकूड नीट उतरवलं की डोलवायचे तशी.

तिला त्या वर्षीचा सर्वांत वरचा दर्जा मिळाला. निकालाचा कागद हातात पडायला काही आठवडे गेले, पण मधल्या परीक्षकबाईंनी त्याच सकाळी मंचावरून उतरून अण्णांशी हस्तांदोलन केलं, तेव्हाच आम्हाला कळलं होतं.

बाहेर पडल्यावर आम्ही जवळच्या हॉकर सेंटरमध्ये गेलो. बायको नॉर्वेजियन बाईंना सोडायला एमआरटी स्टेशनपर्यंत गेली होती. आजोबा-नात एकमेकांचा हात धरून पुढे चालत होती, वाद घालत.

"इथला चहा म्हंजे दुधाचा चिखल असतोय."

"कारण बाबा तुम्हाला चुकीचा देतात. तेह सी मागायचा, वेगळ्या दुधाचा. साखर कमी. मी सांगते ना. एकदा तरी माझं ऐका."

"आईवर गेलीस तू अगदी."

"विषय बदलू नका."

मी मागून बॅग, लॅपटॉप आणि अण्णांची काठी घेऊन पोहोचलो, तोवर ती दोघं एका टेबलाशी समोरासमोर बसली होती आणि अण्णा टेबलाच्या कडेवर बोटाच्या पेराने ठोकून हे कसलं लाकूड, हे तिला विचारत होते. टेबल प्लास्टिकचं होतं. ती पोट धरून हसत होती, आणि तेही. त्यांच्यापुढे चहाचे दोन कप होते. माझ्यासाठी कुणी काही मागवलं नव्हतं. मी सामान खुर्चीवर ठेवलं आणि माझा चहा आणायला रांगेत जाऊन उभा राहिलो.